झाडावरून जमिनीवर: विस्कॉन्सिनमधल्या एका धनुष्य-शिकाऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

राजधानी मॅडिसनहून पश्चिमेला तासभर गाडी हाकली की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची सपाट जमीन संपते आणि ड्रिफ्टलेस टापू लागतो. हिमयुगात हिमनद्यांनी आजूबाजूचा मुलूख रगडून सपाट केला, हा तेवढा सुटला. म्हणून इथे अरुंद खोरी, चढे उतार, माथ्यावर ओकची झाडी आणि तळाला मका-सोयाबीन. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आणखी काय हवं? खायला शेत, बसायला जंगल, आणि दोन्ही हाकेच्या अंतरावर.

या प्रकरणातले गृहस्थ मूळचे विदर्भातले. पंचविशीत अमेरिकेत आले, आता पंचावन्न ओलांडलीत. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. इथे त्यांना 'मामा' म्हणतो, कारण त्यांच्या जोडीला कायम त्यांचा भाचा असतो आणि तो त्यांना तसंच हाक मारतो. शिकारी-सुरक्षेच्या वर्गात मी मदतनीस होतो, तेव्हापासून दोघांना ओळखतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना घेण्याआधी हा अभ्यासक्रम करावा लागतो. मामांचा जन्म त्याआधीचा, त्यांना सक्ती नव्हती. तरी ते भाच्याशेजारी बसून सगळा वर्ग शिकले.

भारतातल्या वाचकाला प्रश्न पडेल, म्हणून एवढं सांगतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. अमेरिकेत रस्ता वेगळा निघाला. तिथे हरणांची संख्या राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग, म्हणजे डीएनआर, परवाने आणि टॅग (एकेका हरणामागे मिळणारी चिठ्ठी) देऊन आटोक्यात ठेवतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा उत्पादन कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, आणि पुढे धनुष्यबाणाच्या सामानावरचा करही त्यात आला. ही पद्धत सगळ्यांना पटावी असा माझा आग्रह नाही. पण हे प्रकरण त्या चौकटीतलं आहे.

मामा कंपाउंड धनुष्य (टोकांना चकत्या असलेलं, त्यांवरून दोरी फिरणारं) वापरतात आणि बरीच वर्षं एकाच शेतावर जातात. मालकीण एकट्या राहतात, वय सत्तरीपुढे. त्यांच्या सोयाबीनचा कोवळा पाला हरणं खाऊन टाकतात. परवानगीच्या बदल्यात त्यांची अट साधी होती: आधी माद्या कमी करा, शिंगांच्या मागे लागू नका. मामा कुंपण दुरुस्तीला हात लावत आणि झालेल्या शिकारीतलं अर्धं मांस त्यांना देत.

अडचण

तोवर मामा झाडावर बसून शिकार करत. ओकच्या बुंध्याला बांधलेला ट्री स्टँड, म्हणजे बसायचा छोटा मंच, अंगात पट्ट्यांचा पूर्ण हार्नेस, झाडाच्या वरपासून खालपर्यंत सुरक्षा-दोर. मग उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, शिडीला नाही. मामांनी ते निमूट ऐकलं. शिकारीच्या वर्गात आम्ही झाडावरून पडण्याविषयी जेवढं बोलतो तेवढं दुसऱ्या कशाविषयी बोलत नाही, आणि लोक पडतात ते बहुधा चढता-उतरताना. दुखऱ्या गुडघ्याने अंधारात उतरणं म्हणजे त्याला आमंत्रणच.

म्हणून पहिल्या हंगामात मामांनी कापडी पॉप-अप ब्लाइंड, म्हणजे जमिनीवर बसायचं तंबूसारखं लपण, विकत आणला. फायबरच्या काड्यांवर ताणला जाणारा, चारही बाजूंना खिडक्या. सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्याचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो सोयाबीनच्या शेताच्या कोपऱ्यात उभा केला आणि दुसऱ्या संध्याकाळी आत जाऊन बसले.

हरणं दिसली, भरपूर दिसली. पण सगळी शंभर यार्डांवर थबकून त्या नव्या काळ्या ठोकळ्याकडे टक लावून बघणारी. काल इथे नव्हतं ते आज आहे, एवढं त्यांना पुरतं. एखादी मादी पुढचा पाय आपटायची, नाकातून फुस्स करायची, शेपटी उभी राहायची की सगळा कळप झाडीत. वाऱ्याने कापड फडफडायचं ते वेगळं. त्यात मामांनी चारही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, चौफेर दिसावं म्हणून. मागच्या खिडकीतून उजेड येत असल्यामुळे आत बसलेल्या माणसाची आकृती पुढून स्पष्ट दिसत होती. मामा हलले की हरणांना ते हलणं दिसे.

सप्टेंबर सरता सरता सोयाबीन पिवळं पडलं आणि हरणं शेतात यायचीच बंद झाली. पिवळ्या पाल्यात त्यांना गोडी नसते. त्याच सुमाराला वरच्या उतारावर पांढऱ्या ओकची फळं गळायला लागतात. हरणं तिकडे वळली. मामा मात्र शेताच्या कोपऱ्यात, कारण त्यांचं लपण तिथे होतं.

त्या हंगामात धनुष्य ताणायची एकही वेळ आली नाही. मालकीणबाईंनी हंगाम संपल्यावर विनोदाने विचारलं, हरणांनी तुम्हाला भाडं तरी दिलं का.

मामांचं निदान होतं: ब्लाइंड वाईट आहे. माझं निदान वेगळं होतं. ब्लाइंड डोळ्यांपासून लपवतो, नाकापासून नाही. शिवाय झाड काही गोष्टी आपसूक देतं. उंचीमुळे वास बऱ्याचदा हरणाच्या डोक्यावरून जातो, हरणाची नजर सहसा वर वळत नाही, आणि सुटलेला बाण खाली मातीत घुसतो. जमिनीवर आलात की या तिन्ही गोष्टींची सोय स्वतः करावी लागते. मामांनी फक्त नजरेची केली होती, आणि तीही कच्ची.

समोरचे पर्याय

जानेवारीत मामांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. पर्याय पाच होते.

भाच्याला वाटत होतं, शिडीवाला स्टँड घ्यावा. रुंद पायऱ्या, बसायला कठडा. "मामा, जिना चढता ना तुम्ही? मग हाही तसलाच." मामींनी आतूनच सांगितलं, "जिन्यावर त्यांना अंधारात बर्फ लागत नाही." विषय संपला.

दुसरा, क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्त्यावर बसवलेला, घोडा दाबून बाण सोडणारा धनुष्य. २०१४ पासून विस्कॉन्सिनमध्ये कोणीही क्रॉसबोने हरणाची शिकार करू शकतं, आधी ती सवलत वयस्कर आणि अपंगांनाच होती. क्रॉसबो आधीच ताणून ठेवता येतो, म्हणजे हरीण समोर असताना हात मागे खेचण्याची हालचाल नाही. जमिनीवर बसणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा फायदा. मामांनी तो दोन वाक्यांत उडवून लावला: धनुष्य म्हणजे धनुष्य, आणि खांदा अजून शाबूत आहे. हा पर्याय त्यांनी घाईने सोडला असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण हौसेच्या गोष्टीत हौसेला मत असतंच.

तिसरा, प्लायवुडची पेटी, चार पायांवर उचललेली. थंडीत ऊब, पावसात कोरडं, वास बराचसा आत कोंडलेला. मालकीणबाईंना शेतावर कायमचं बांधकाम नको होतं, त्यामुळे तो बाद.

चौथा, तोच कापडी ब्लाइंड, पण वेगळ्या जागी, महिनाभर आधी लावलेला आणि फांद्यांनी झाकलेला. खर्च शून्य. भाचा शिडीवरून उतरून याच्यावर आला.

पाचवा मामांनी स्वतः काढला. शेतावर गुरांच्या कुंपणाचे जुने जाळीदार पॅनल पडून होते. सोळा फूट लांब, पन्नास इंच रुंद, जाड तारेचे. ते वाकवले की कमान होते. कमानीवर गोणपाट, त्यावर सीडार या सदाहरित झाडाच्या फांद्या. कापडासारखं फडफडणार नाही, काळा ठोकळा दिसणार नाही, आणि हवं तेव्हा उपटून नेता येईल.

चौथा आणि पाचवा, दोन्ही चालण्यासारखे होते. मी म्हटलं, आधी जागा ठरू द्या, मग बांधायचं काय ते ठरेल. या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय तोच होता, आणि तो लपणाविषयी नव्हताच.

जागा

फेब्रुवारीत बर्फ असताना मामा आणि भाचा सगळा उतार फिरले. बर्फात हरणांच्या वाटा आयत्या दिसतात. पूर्वेला तोंड केलेल्या उताराच्या मध्यावर एक अरुंद सपाटी आहे, गडाला माची असते तशी. वर उत्तरेच्या बाजूला दाट झुडपांत हरणांची बसायची जागा, दक्षिणेला पांढऱ्या ओकची झाडं. दोन्हींना जोडणारी वाट त्या माचीवरून जाते.

मग वारा. या टापूत थंडीची लाट आली की वायव्येचा वारा सुटतो. तो माथ्यावरून येऊन माचीच्या कडेवरून खाली खोऱ्यात उतरतो. माचीच्या पूर्वेकडच्या, म्हणजे उताराकडच्या कडेवर बसलं तर माणसाचा वास हरणांच्या वाटेपासून दूर, खोऱ्यावर तरंगत जातो. शिवाय संध्याकाळी हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली वाहते. म्हणजे दोन्ही एकाच दिशेला. सकाळी याच्या उलट. ऊन पडलं की हवा वर चढते आणि तुमचा वास थेट वाटेवर घेऊन जाते.

म्हणून नियम ठरला: ही जागा फक्त संध्याकाळची आणि फक्त वायव्येच्या वाऱ्याची. मामांनी तो कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवला. (पुढे तो मोडला, ते येईलच.)

वाऱ्याची परीक्षा त्यांनी मिल्कवीडने केली. ते आपल्या रुईच्या कुळातलं झाड, शेंगेत तशीच म्हातारी असते. ती सोडली की शंभर पावलांपर्यंत डोळ्यांनी दिसते, वारा कुठे वळसा घेतो ते कळतं. बाजारात पावडरची बाटली मिळते, पण पावडर हातभर अंतरावर विरून जाते. ड्रिफ्टलेससारख्या खोऱ्यांत वारा हाताजवळ एक सांगतो आणि वीस पावलांवर दुसरंच करतो.

आत शिरायची वाटही त्याच वेळी ठरली. शेतातून सरळ चढण्याऐवजी तळाचा कोरडा ओढा धरायचा आणि खालून वर यायचं, म्हणजे हरणांची वाट एकदाही ओलांडावी लागत नाही. गुडघ्याला हा रस्ता लांबचा होता. मामा त्यासाठी एक काठी आणि जास्तीची वीस मिनिटं घेऊन निघत.

बांधणी

काम जुलैअखेर सुरू झालं, म्हणजे हंगामाआधी दीड-दोन महिने. हरणांना नव्या आकाराची सवय व्हायला एवढा वेळ द्यावा.

फांद्या तोडण्याबाबत एक पथ्य पाळलं. एप्रिल ते जुलै या काळात विस्कॉन्सिनमध्ये ओकला जखम करू नये असं सांगतात, कारण ओक विल्ट या बुरशीचा रोग भुंगे ताज्या जखमांवर आणून सोडतात. एका लपणासाठी मालकिणीची राई धोक्यात घालणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणून सगळं आवरण सीडारचं. तो इथल्या डोंगरांवर तणासारखा माजतो, कापला तर कोणाचं मन दुखत नाही, आणि तोडलेली फांदीही बरेच दिवस हिरवी दिसते.

दोन पॅनल एकावर एक थोडे चढवून कमान केली, लोखंडी खुंटांना तारेने बांधली. एका पॅनलची खोली जेमतेम चार फूट भरते, त्यात धनुष्य ताणताना कोपर मागच्या भिंतीला लागतं. पाठीमागे सीडारचा जिवंत झुबका होता. कमान त्याला टेकवल्यामुळे मागून आकाशाचा उजेड येईना आणि आकृती उठेना. आतून काळं कापड. बसणाऱ्यानेही वरून काळाच सदरा आणि काळे हातमोजे घालायचे, झाडीचे ठसे असलेले कपडे इथे उपयोगाचे नाहीत. अंधाऱ्या खोलीत अंधार व्हायचं असतं. हरणाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण निळ्याकडची आणि त्यापलीकडची अतिनील बाजू आपल्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून कपडे चमक आणणाऱ्या साबणात धुवायचे नाहीत, हे मामींना दोनदा सांगावं लागलं आणि शेवटी मामांनीच धुलाई हाती घेतली.

खिडक्या कुठे ठेवायच्या, यावर दोघांचं वाजलं. भाच्याला तीन हव्या होत्या: पश्चिम, वायव्य आणि दक्षिण. पश्चिमेची खिडकी चढाकडे बघते. तिथून सुटलेला बाण हुकला तरी समोरच्या मातीच्या चढात जाऊन थांबतो. वायव्येचंही तेच. दक्षिणेची खिडकी मात्र माचीच्या लांबीवरून बघते आणि टोकाला, झाडीआड, शेताची गाडीवाट आहे. मालकिणीचा नातू कधी कधी संध्याकाळी तिथून चारचाकी एटीव्ही नेतो. झाडावरून मारलेला बाण जमिनीत रुततो, जमिनीवरून मारलेला आडवा जातो आणि बराच लांब जातो. मामांनी ती खिडकी शिवूनच टाकली. भाचा म्हणाला, "उघडी ठेवा, मारू नका म्हणजे झालं." मामा म्हणाले, "अरे, हरीण समोर आल्यावर माझ्यावर माझाच भरवसा नाही." मला वाटतं, या दोन हंगामांत त्यांनी घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

उरलेल्या दोन खिडक्या उभ्या चिरेसारख्या ठेवल्या, रुंद नाहीत. जाळीची तार कापली तिथे टोकं कानशीने घासली. आणि मग सराव. शिकारीच्या बाणाचं पातं लावून, त्याच खुर्चीत बसून, आतूनच समोरच्या लक्ष्यावर. पहिलाच बाण खिडकीच्या खालच्या कडेत घुसला. दृष्टी आणि बाण एका रेषेत नसतात, बाण डोळ्यापेक्षा काही इंच खाली असतो. डोळ्याला रस्ता मोकळा दिसतो आणि बाणाला आडवी कड लागते. मामांनी खिडकी खालून हातभर वाढवली आणि खुर्ची मागे सरकवली. दुसऱ्या खेपेला धनुष्याची खालची चकती मांडीला घासली, म्हणून खुर्ची बदलली: बिनहाताची, फिरती, न करकरणारी. खालचा पाचोळा काढून नुसती माती ठेवली, पायाखाली काही वाजायला नको.

समोरच्या वाटेवर दहा, पंधरा आणि वीस यार्डांवर तीन काटक्या रोवल्या. वीस यार्ड म्हणजे साधारण अठरा मीटर. त्यापुढे बाण सोडायचा नाही. कायद्याने बंधन नाही, त्यांचं स्वतःचं. दोरीचा आवाज हरणापर्यंत बाणाच्या आधी पोचतो, आणि हरीण दचकून खाली दबतं. अंतर जितकं जास्त, तितका त्याला दबायला वेळ मिळतो.

हंगामातले निर्णय

पहिला कसोटीचा क्षण सप्टेंबरच्या शेवटी आला. हवा गरम, वारा दक्षिणेचा, आणि शनिवार. आठवडाभर ऑफिस, मग हा एकच दिवस. कागदावरचा नियम स्पष्ट होता. मामा तरीही गेले. संध्याकाळी पिलांना घेऊन एक मादी उत्तरेकडून आली, साठेक यार्डांवर थांबली, नाक वर केलं. त्या वाऱ्यात मामांचा वास माचीवरून सरळ तिच्याकडेच वाहत होता. तिने पाय आपटला, फुस्स केलं आणि निघून गेली. त्यापुढचा आठवडाभर ट्रेल कॅमेऱ्यात (जनावर हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या) त्या वाटेवर दिवसाउजेडी एकही हरीण नव्हतं. वाऱ्याकडे बघून घरी बसणं सर्वांत अवघड काम आहे, आणि त्याला कोणी शिकार म्हणत नाही.

दुसरा क्षण ऑक्टोबरच्या मध्याचा. थंडी आली, वायव्येचा वारा धरला. पांढऱ्या ओकची फळं माचीच्या दक्षिण टोकाला पडत होती. ऊन डोंगराआड गेलं, लपणात काळोख झाला. एक तरुण नर वाटेवरून आला आणि वाट सोडून थेट लपणाकडे वळला, बहुधा सीडारच्या खाली पडलेलं काही हुंगायला. नऊ-दहा यार्ड. मामांनी तो झाडाआड असताना धनुष्य ताणलं होतं. आता तो समोरासमोर उभा, छाती मामांकडे.

शिंगं होती, अंतर घरातल्या घरात, आणि मामांच्या परवान्यात नराचा टॅगही होता. पण हरीण तोंडासमोर उभं असताना जमिनीच्या पातळीवरून बाणाला जागाच नसते. मध्ये छातीचं हाड, बाजूंना खांदे. बाण जरासा सरकला तर एकच फुप्फुस किंवा नुसतं मांस, आणि मग रात्रभर शोधूनही न सापडणारं जखमी जनावर. मामा ताणलेलं धरून राहिले. कंपाउंड धनुष्यात शेवटी भार हलका होतो, पण तोही काही मिनिटं टिकतो, पुढे हात थरथरायला लागतो. नराने आतल्या काळोखात बघितलं, काही तरी खटकलं, आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला.

भाचा चिडला. "मामा, नऊ यार्डांवर होता. सोडायचा होता बाण." मामांनी फार वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले की झाडावर असते तर पर्याय वेगळे असते. या मुद्द्यावर माझं मत मामांच्या बाजूने आहे, आणि झाडावरूनही मी तो बाण सोडला नसता.

तिसरा क्षण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. पुन्हा वायव्येचा वारा. मोठी मादी, एकटी, वाटेवरून सावकाश. पंधरा यार्डांची काटकी ओलांडून जरा पुढे गेली, थांबली, फळ खायला मान खाली घातली. बाजू मामांकडे, तोंड किंचित पलीकडे वळलेलं. यात बाण खांद्याच्या जरा मागे, बरगड्यांतून शिरून पुढे दोन्ही फुप्फुसांतून जातो. तिचं डोकं खाली असताना मामांनी ताणलं. आतल्या काळोखात ती हालचाल तिला दिसली नाही. बाण आरपार गेला आणि मागच्या चढात रुतला.

मग थांबणं. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. तरीही अर्धा तास कोणी हललं नाही. रक्त काळपट असतं किंवा हिरवट डाग आणि घाण वास असता, तर कित्येक तास, कदाचित सकाळपर्यंत थांबावं लागलं असतं. भाचा समोरच्या उतारावरून आला, दोघांनी मिळून माग काढला. मादी ऐंशी-नव्वद पावलांवर पडलेली होती.

निकाल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत शिकारीची नोंद करावी लागते, मामांनी ती त्याच रात्री फोनवरून केली. डोकं तपासणीच्या केंद्रावर दिलं. या टापूत सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांचा मेंदू पोखरणारा प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनाचा) रोग, २००२ पासून माहीत आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग सापडलेलं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. त्याच कारणाने या भागात हरणांना खाणं टाकून बोलावण्यावर बंदी आहे, मामांच्या लपणासमोर मक्याचा दाणाही नव्हता. निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून फ्रीझरमध्ये. पुढे अहवाल आला: रोग आढळला नाही. अर्धं मांस ठरल्याप्रमाणे मालकीणबाईंकडे गेलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या आदल्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. त्या काळात धनुष्यवाल्यालाही भडक केशरी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात, आणि झाडीत बेमालूम मिसळलेल्या लपणात माणूस आहे हे बंदूकवाल्याला कळत नाही. डीएनआरच्या जमिनीवर तेव्हा ब्लाइंडवर चारही बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच केशरी किंवा गुलाबी कापड लावणं सक्तीचं आहे. ही जमीन खाजगी. मामांनी तरीही कमानीवर कापड बांधलं आणि नऊ दिवस तिकडे फिरकलेच नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला हंगाम वाया गेला तो ब्लाइंडमुळे नाही. तोच कापडी ब्लाइंड ऑगस्टमध्ये माचीवर, सीडारला टेकवून, मागच्या खिडक्या बंद करून लावला असता तर बहुधा चालला असता. कमान चांगली आहे, पण खरा फरक जागेने आणि वाऱ्याने पाडला, असं मला वाटतं. मामांना हे मान्य नाही. कमान त्यांनी हाताने वाकवली आहे, त्यामुळे श्रेय तिला.

दक्षिणेच्या वाऱ्यासाठी दुसरी जागा आधीच हवी होती. नोकरदार माणसाला शनिवार-रविवार मिळतो, वारा त्याच्या सोयीने वाहत नाही. एकच लपण असलं की चुकीच्या वाऱ्यातही तिथेच बसण्याचा मोह होतो, आणि एका संध्याकाळीच ते आठवडाभरासाठी निकामी होतं.

क्रॉसबोचा विचार पुन्हा करावा, असं मी अजून म्हणतो. त्या नराच्या वेळी मामांचा हात थकत होता. क्रॉसबो असता तर तो वळेपर्यंत शांत बसता आलं असतं. यावर भाचा आता माझ्या बाजूने आहे.

मालकीणबाईंची तक्रार वेगळीच निघाली. वसंतात त्या स्वतः माचीवर फिरायला गेल्या तेव्हा लपणाच्या बाहेर राहिलेल्या एका लोखंडी खुंटाला अडखळल्या. लागलं नाही, पण बोलल्या. बांधताना खुंटांची टोकं आणि जागा त्यांना दाखवून ठेवायला हव्या होत्या. आता प्रत्येक खुंटावर पिवळी टोपी आहे.

पुढच्या हंगामाची आखणी झाली आहे. कापडी ब्लाइंड भाचा समोरच्या उतारावर, दक्षिणेच्या वाऱ्यासाठी, जुलैतच लावणार आहे. मामांना तिथपर्यंत जायला ओढ्यावर एक फळी टाकावी लागेल, ती कोणी टाकायची यावर अजून बोलणी चालू आहेत.